हिरालालची दाढ आणि पोळ्याची झडती

किन्हीराजा गावच्या हिरालालची दाढ वर्षभर गुमान राहिली आणि नेमकी पोळ्याच्या तोंडावर ठणकायला लागली. पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहिली की मालक एकमेकांची खोड काढत झडत्या, म्हणजे यमक जुळवलेली कवनं, म्हणतात. गावात झडती म्हणावी ती हिरालालनंच, असं निदान हिरालालला तरी वाटायचं. यंदा गाल कोहळ्याएवढा झालेला. झडती सोडा, तोंडातून हुंकार निघेना.

"हिराभाऊ, तुमी आराम करा. यंदा मी म्हनतो," शेजारचा मदनसिंग इतक्या मायेनं म्हणाला की हिरालालची दुसरी दाढही दुखायला लागली.

तरी गालाला दुपट्टा गुंडाळून तो तोरणाखाली गेलाच. मदनसिंगनं त्याच्याच सुजलेल्या गालावर झडती टाकली. गाव खदखदून हसलं. हिरालालनं दुपट्टा भिरकावला.

"दाढ माही ठणके, गालात भरला ताप,
मदनसिंगच्या बैलाले शेपटीत दिसे साप!"

"हर हर महादेव!" गाव गरजलं. मग काय, ढोल, आरोळ्या, झडतीवर झडती. शेवटी त्यानं पुरणपोळी खाल्ली, तीही दुखऱ्याच बाजूनं.

घरी येऊन म्हणाला, "दाढ बरी झाली. उद्याचा डाक्टर कॅन्सल."

बायको गिरजाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "मंग परवा वावरात निंदनाच्या टायमाले काहून दुखत होती? नाटकं करून राह्यले होते काय?"

आता दाढेपेक्षा इज्जत ठणकू लागली. तेवढ्यात वाशिमला नर्सिंग शिकणारी नात, तनुजा, मधे पडली.

"आजी, नाटक नाई. सगळ्यांसंग गायलं, हसलं, जोश चढला, का मेंदू सोताच अफूसारखं रसायन सोडते. एंडॉर्फिन म्हनतात त्याले. अफू जिथं जाऊन चिकटते तिथंच थे चिकटते, अन् दुखनं दबते."

"पाह्य!" हिरालालची छाती फुगली. "आपल्या आंगातच माल हाये!"

"पन आबा, थे दुखनं दाबते, दाढेतली कीड नाई मारत. कामापुरतं येते अन् उतरते."

उतरलंच. दिवेलागणीला हिरालाल गाल धरून कण्हत होता, आणि गिरजाबाई लवंग शोधत हसत होती.

सकाळी तालुक्याला, मालेगावात, दातांच्या डॉक्टरनं सुई उचलली. हिरालालनं त्याचा हात धरला.

"थांबा साहेब. मी झडती म्हनतो, तुमी समदे महादेव म्हना."

"मग इंजेक्शन नको?"

हिरालालनं सुईकडे पाहिलं, मग पकडीकडे पाहिलं.

"इंजेक्शन बी द्या," तो म्हणाला, "अन् महादेव बी म्हना. जोरानं!"