भिकाजी कोळी, टोळीचा म्होरक्या

मढच्या भिकाजी कोळ्याला आयुष्यात एकच धंदा कधी जमला नाही, तो गुन्हेगारीचा. आणि सरकारने नेमकी त्याचीच दखल घेतली.

होडीवरून पडून खांदा निखळला तेव्हापासून त्याचं दर्यावर जाणं बंद झालं होतं. घरी बसून तो जाळी विणायचा, भात शिजवायचा, दोन्ही पोरींच्या वेण्या घालायचा. वेण्या इतक्या घट्ट, की पोरींचे डोळे वर ओढले जायचे. घर चालवायची त्याची बायको सखुबाई. सकाळी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन ती तरीने खाडी ओलांडून वेसाव्याला उतरायची आणि तिथून अंधेरीला जायची. पाटीत वर बोंबील, खाली बाटल्या. त्या काळी दारूबंदी होती, त्यामुळे अंधेरीच्या सभ्य गृहस्थांना दारू घरपोच लागायची. शिपाई वाटेत पुरुषांच्या पिशव्या उलट्यापालट्या करायचे, पण सखुबाई दिसली की नाकाला रुमाल लावून बाजूला व्हायचे. बाईमाणूस आणि दारू गाळणार? अशी नुसती शंका घेणं हाही स्त्रीजातीचा अपमान. आणि पोलीस स्त्रीजातीला फार मान द्यायचे, विशेषतः तिला बोंबलाचा वास येत असला की.

छप्पन साली दशरथराव नावाचे नवे फौजदार आले. चार बुकं शिकलेले, उत्साही. कुणीतरी खबर दिली आणि त्यांनी मढला धाड घातली. घरामागे भट्टी सापडली, आणि भट्टीशेजारी धाकट्या पोरीला कडेवर घेऊन तांब्याचं भांडं घासणारा भिकाजी. सकाळी निघताना बायकोने सांगितलं होतं, म्हणून घासत होता.

तेवढ्यात सखुबाई बाजारातून परतली. पाटी खाली ठेवून म्हणाली, "सायब, भट्टी माजी हाय. त्याला काय इचारता? त्याला दारूत गूल किती टाकायचा ते पन ठाव नाय."

फौजदार हसले. "बाई, नवऱ्यासाठी इतकं खोटं बोलतेस, धन्य आहे तुझी! अगं, असले उद्योग करायला डोकं लागतं, धाडस लागतं. तुम्हा बायकांना चूल आणि मुलं यातून सवड कुठली?"

चुलीवर भिकाजीने चढवलेला भात रटरटत होता. फौजदारांनी पोर त्याच्या कडेवरून काढून सखुबाईकडे दिली आणि त्याला बेडी घातली. पोरीने भोकाड पसरलं. आईच्या कडेवर बसायची तिला सवय नव्हती.

कोर्टात सरकारी वकिलांनी भिकाजीला 'टोळीचा म्होरक्या' म्हटलं. टोळी कुठे आहे ते सांगितलं नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "दारू कशी गाळतोस?"

भिकाजीने बराच विचार केला. "कपड्यातून," तो म्हणाला.

आरोपी मुरलेला आहे, भोळेपणाचं सोंग आणतो, असं साहेबांचं मत झालं. मागून सखुबाई ओरडत होती, "त्याचा काय दोष नाय, धंदा माजा हाय!" ते ऐकून साहेबांना भरून आलं. अशा साध्वीच्या नशिबी असा नवरा! भिकाजीला त्यांनी सहा महिने सक्तमजुरी दिली आणि तिला म्हणाले, "घरी जा बाई, मुलांना सांभाळ." ती घरी गेली. मुलांना शेजारच्या कमळकडे सोपवलं आणि पाटी उचलली.

कमळ विधवा होती, एकटी राहायची, थोडी मासळी विकायची. पोरींचं खाणंपिणं, वेण्या ती बघू लागली. तिचंही पोट भरावं म्हणून सखुबाईने तिच्याही पाटीत दोन बाटल्या ठेवायला सुरुवात केली.

भिकाजी सुटून आला तेव्हा त्याला घ्यायला अर्धं गाव धक्क्यावर जमलं होतं. सरकारशी टक्कर घेऊन आलेला माणूस! त्याला नारळ दिला, पंचांच्या ओळीत जागा दिली. "मी काय केलाच नाय," तो ज्याला त्याला सांगत राहिला. मोठ्या माणसाला असाच विनय शोभतो, असं सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कमळ पकडली गेली. वेसाव्याच्या धक्क्यावर एका शिपायाने तिचं मनगट धरलं. तिने मनगट सोडवलं आणि चारचौघांत त्याच्या आईचा उद्धार केला. स्त्रीदाक्षिण्य तिथेच संपलं. पाटी उपडी झाली.

मॅजिस्ट्रेट तेच. कमळच्या डोक्यावर पदर नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं.

"नवरा?"

"मेला."

"बाटल्या कुणाच्या?"

"माज्या. तुमच्याच गल्लीत इकते."

सखुबाईने घसा फोडून कबुली दिली तरी ज्या कोर्टाला पटली नव्हती, त्याला कमळची कबुली एका वाक्यात पटली.

तेव्हा मागच्या बाकावरून भिकाजी उठला. बाईच्या बाटल्या पुरुषाच्या नावावर चढतात, एवढा कायदा त्याला अनुभवाने कळला होता. "सायब," तो म्हणाला, "त्या बाटल्या माज्या हायत."

साहेबांनी चष्मा काढला. "ही तुझी कोण?"

"शेजारीन."

"शेजारणीसाठी तुरुंगात जातोस?"

कोर्टात खसखस पिकली. भिकाजीला कशाचं हसू ते कळलं नाही. कमळला कळलं, तिने पहिल्यांदाच मान खाली घातली. साहेब म्हणाले, दारू एक वेळ सोडून देता आली असती, पण बाई असून ही जीभ, आणि वर ही चालचलणूक! अख्ख्या भट्टीला सहा महिने देणाऱ्या साहेबांनी कमळच्या दोन बाटल्यांना एक वर्ष दिलं.

"तुला कोनी सांगितला बोलायला?" घरी आल्यावर सखुबाई कडाडली.

"तुज्या वेली माजा नाव चालला ना? मना वाटला..."

"मी तुजी बायको व्हते, येड्या! ती कोनाचीच नाय."

भिकाजी त्या रात्री जेवला नाही. पुढे वर्षभर तो कमळच्या घराची झाडलोट करत राहिला, आणि लोक त्यावरही हसत राहिले.

कमळ सुटली तेव्हा धक्क्यावर कुणी आलं नाही. दुसऱ्याच दिवशी पंच बसले. जेलात जाऊन आलेली बाई, हिला सणाला देवळात येऊ द्यावं का? पंचांनी भिकाजीचंही मत विचारलं. जेलचा जाणकार म्हणून.

"मी पन जेलात व्हतू," भिकाजी म्हणाला. "मना नारल दिला. हिला देवल बंद?"

"तू बाप्या हायस," म्हातारे पंच समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुजी गोष्ट येगली."

भिकाजीने त्यावर खरंच विचार केला. वेगळं काय ते त्याला सापडेना. तो ओळीतून उठला, दाराशी उभ्या असलेल्या कमळला म्हणाला, "चल गो, पोरी वाट बघतान," आणि सगळ्यांदेखत तिला घरी जेवायला घेऊन गेला.

नंतर पंचांनी त्याला कधी बोलावलं नाही. सखुबाईने बातमी ऐकली, कमळला आणखी भात वाढला आणि नवऱ्याला म्हणाली, "बरा केलास. तिथं बसून तुजे पाय सुजले असते."