मंजुषाच्या पुराची सत्तर मिनिटं

गुरुवार, १७ जुलै २०२५. सकाळपासून ढगाळ. वरच्या खोलीतलं इंटरनेट बंद पडल्यामुळे मंजुषा दुपारी दोनला लॅपटॉप घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

मंजुषा मानवतजवळच्या चंद्रभान नावाच्या शेतकऱ्याची मुलगी, माझी भाडेकरू. पुण्याच्या एका संस्थेचं काम परभणीतूनच करते. नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, हे सांगणारा एक जुना प्रोग्राम आहे. नवा महासंगणक हजारो हातांनी एकाच वेळी गणित करतो. जुना प्रोग्राम त्याच्यावर चालवायचं काम दीड वर्ष तिच्याकडे आहे. आज पाचपर्यंत जुन्या आणि नव्या संगणकावरची उत्तरं जुळली नाहीत, तर काम बंद आणि नोकरीही.

उत्तर जुळेना. तिचे साहेब दत्तराव यांचा फोन आला.

"अगं, फरक बोटभर पाण्याचा आहे. तपासणीची मर्यादा जरा सैल कर, पास होईल."

"सर, ते बोटभर पाणी गेलं कुठं, ते कळू द्या."

"लय शहाणी झालीस. पाचला रिपोर्ट पाहिजे."

तिनं एक छोटा पूर तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर वेगळं. तिचा चेहरा उतरला.

"काकू, यंत्राची चूक न्हाई, माझी हाय. दोन हात नकाशाच्या एकाच चौकोनात पाणी लिहायलेत. एकाचं लिहिलेलं दुसरा पुसायलाय."

"मग?"

"कॅनॉलवर पाण्याची पाळी लावतात तशी पाळी लावायची. पण वेळ जास्त लागंल."

तीन चाळीसला तिनं पूर्ण पूर सुरू केला. आधी चाळीस मिनिटं लागत. चार वीस झाले, संपला नाही. साडेचारला वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर आणि मोबाइलच्या इंटरनेटवर तिनं निभावलं. मी चहा ठेवला, तो तसाच निवला. चार पन्नासला उत्तर आलं. जुळलं.

"पण सत्तर मिनिटं?" दत्तराव फोनवर ओरडले. "आपण तासाच्या आत म्हणून लिहून दिलंय!"

"सत्तरच लिहा, सर."

दत्तरावांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग, "लिहितो. वरचे काय म्हणतील ते मला विचारू नको."

सहाला वरच्या साहेबांचा निरोप आला: तीन महिने मुदतवाढ, तेवढ्यात तासाच्या आत आणायचं.

मंजुषा इथंच जेवली. ज्वारीच्या पाच भाकरी लागल्या.