नुसतं नाव

"ही ती नायच! नवऱ्याचा नाव सांगाला लावा तिला!"

एका उमेदवाराचा एजंट असा ओरडला, की शाळेसमोरच्या चिंचेवरचे कावळे उडाले ते थेट रोडपालीला जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पनवेलची शाळामास्तरीण; गव्हाणच्या बाजूच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या मतदानाची ड्यूटी लागली होती. काम बोटाला शाई लावायचं. सकाळपासून इतकी बोटं धरली होती, की घरात भाकरी कोण थापतं आणि कोण नुसती खातं, ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

टेबलासमोर सत्तरीची आजी उभी होती. यादीत तिच्याच नावाआडनावाच्या दोघी. फरक काय तो नवऱ्याच्या नावाचा. दुसरी तळोज्याला लेकीकडे गेलेली, तिचंच मत ही टाकतेय, असा एजंटाचा कांगावा. आजी कुणाला शिक्का मारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं ना!

केंद्राध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "आजी, पतीचं नाव सांगा. नाहीतर मत देता येणार नाही. दहाच मिनिटं उरलीत."

आजीने नकारार्थी मान हलवली.

रांगेत तिच्या मागची बाई माझ्या कानाशी आली. "बावन सालच्या पयल्या इलेक्शनला हिचा मत असाच गेला, बाई. यादीवाला आला तवा ही दाराआड. सोताचा नाव सांगलाच नाय. त्यानं लिवला, अमक्याची बायको. मंग तसली सगली नावा कापली."

तेव्हापासून म्हणे ही पेटली. पुढची यादी व्हायच्या आधी घरोघर शिरून सुनांना दटावत हिंडली, 'आपला नाव आपल्या तोंडानं सांगा गो!' त्या दिवशीच्या रांगेतल्या निम्म्या बायका यादीत होत्या त्या हिच्यामुळे. पण नवऱ्याचं नाव? तिथे हिच्याही जिभेला कुलूप.

"आये, उखाण्यात घे गो!" कुणीतरी ओरडलं.

आजीने पदर सावरला. "पांढऱ्या मिठाची राशीला रास, अमुकरावांचा नाव घेतंय सायबांसाठी खास."

अमुक मी घातलंय. खरं नाव घ्यायला तिला जन्म गेला, मी फुकट का वाटू?

रांगेत हशा उसळला. एजंटाने टेबलावर हात आपटला. "यादीत राव नाय! राव कुठला आनला?"

मिठागरात गुडघाभर पाण्यात जन्म काढलेल्या तिच्या नवऱ्याला उखाण्याबाहेर राव कुणी म्हटलं होतं? साहेबांनी यादी पाहिली. खरंच राव नव्हता.

"आजी, नुसतं नाव. तीन मिनिटं."

आजीने डोळे मिटले. मग उघडले, एजंटावर रोखले, आणि म्हणाली. मागेपुढे काही नाही. ओट्यावरून पोराला हाक मारावी तसं नुसतं नाव.

एवढी शांतता मी वर्गात छडी घेऊनही कधी मिळवली नाही. एजंट खाली बसला. मी शाई लावली ती जरा जास्तच लावली. आजी पुठ्ठ्याआड गेली, शिक्का मारला, पेटीत घडी टाकली.

पेट्या सील झाल्यावर मी बाहेर धावले. ती पायरीवर चप्पल शोधत होती.

"आजी, जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नुसतं नाव घेतलंत!"

"त्यानं तरी माजा कवा घेतला व्हता?" ती म्हणाली आणि पुन्हा चप्पल शोधू लागली.