आलेच हं

समाधान नाशिकच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवतो. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना स्क्रीन क्षणभर कोरी दिसली, तरी त्याचं डोकं फिरतं.

सायखेड्याच्या फुलवाल्यांची साइट त्याने घरीच बसून केली होती. "शेवंतीचं पान येईपर्यंत लोकांना काय दाखवू गं?" त्याने बायकोला विचारलं. अंजली स्वयंपाकघरातून म्हणाली, "दारात पाहुणे आले की आपण काय म्हणतो? तेच लिही. आलेच हं!" त्याने हसत हसत तेच टाकलं.

मग अंजली नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला गेली. फोनवर दर वेळी रजेचं बोलते. कसली आलीय रजा!

परवा समाधानने साइट सुधारली. आता बोट लावायच्या आधीच पुढचं पान तयार असतं. फुलवाले खूश झाले. त्याने स्वतः उघडून पाहिलं, तर झेंडू, शेवंती, गुलाब झटकन आले. मधले ते दोन शब्द मात्र कुठेच दिसले नाहीत.

चाचणीसाठी नेट मुद्दाम संथ करायची सोय असते. ती चालू करून त्याने शेवंतीवर बोट ठेवलं. कोऱ्या स्क्रीनवर अक्षरं उमटली, 'आलेच हं!'

शेवंती आली, तसं त्याने ते पान बंद केलं आणि नेट संथच ठेवून पुन्हा उघडलं.