धाकट्या मामांची बासुंदी

माझ्या बायकोच्या धाकट्या मामांइतकं रोगजंतूंवर मनापासून प्रेम करणारा माणूस गिरगावातच काय, उभ्या मुंबईत सापडायचा नाही. लोक एकमेकांच्या नातेवाइकांची चौकशी करतात, मामा जंतूंची करतात. आयुष्यभर कॉलेजात त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत म्हणून आम्हाला शिकवायला घेतलं. मी पडलो जावई, म्हणजे तासाला दांडी मारायची सोय नसलेला विद्यार्थी. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा चहाबरोबर मला कॉलरा मिळाला. "जावईबापू, कॉलऱ्याचा जंतू आतड्याला साधा ओरखडासुद्धा काढत नाही," ते भाच्याचं कौतुक सांगावं तसं म्हणाले. "आत येतो, भिंतीला चिकटतो आणि एक विष सोडतो. त्या विषानं आतड्याच्या पेशींचे नळ उघडे पडतात आणि अंगातलं सगळं पाणी वाहून जातं. त्याला तुम्हाला मारायचं नसतंच हो, त्याला फक्त पुढच्या माणसाकडे जायचं असतं." मी हातातली खारी बशीत ठेवली, ती तिथंच राहिली.

त्यांची न्यायबुद्धी तर विलक्षण. एकदा वाडीत मांडव घालणाऱ्याच्या पायात गंजका खिळा घुसला आणि जो तो गंजाच्या नावानं बोटं मोडायला लागला. मामांनी त्या माणसाला ताबडतोब टॅक्सीत घालून इंजेक्शनला नेलं, पण टॅक्सीचं दार लावतानाही ते गंजाचीच बाजू मांडत होते. "गंज निर्दोष आहे! धनुर्वाताचा जंतू मातीतला. त्याचं विष नसांवर चढतं आणि मग स्नायूंना सैल पडताच येत नाही!" मांडववाल्याला धीर यावा म्हणून हे सांगितलं असं त्यांचं म्हणणं, तो मात्र रस्ताभर रडत होता म्हणे. मला एकदा सणकून ताप भरला तेव्हा मामा भेटायला आले आणि अभिनंदन करून गेले. ताप जंतू आणत नाहीत, त्यांना हुसकून लावायला आपलंच शरीर भट्टी पेटवतं, तेव्हा भट्टी उत्तम चालली आहे, असा निर्वाळा देऊन ते निघाले. बाहेरचं ते काही खात नाहीत आणि घरचं उलटतपासणी घेऊन खातात. पंगतीत भात वाढायला आलेल्याला "कधी उतरवला?" असं विचारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. दुधाचे गोड पदार्थ तर त्यांना मुळातच आवडत नाहीत. बासुंदीला ते जंतूंची खानावळ म्हणतात, पण ते फक्त माझ्या कानात; पंगतीत "पोट भरलं" म्हणून टाळतात.

अशा माणसाच्या वाट्याला बासुंदीच यावी!

त्यांच्याच मजल्यावर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या मामी राहतात, म्हणजे त्यांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. वाडीच्या सत्यनारायणाला जेवणात बासुंदी असायची ती मामींच्या हातची. थोरले मामा गेले आणि मामींनी सगळंच सोडलं. कुणात मिसळायच्या नाहीत, स्वतःपुरतं पिठलं-भात करायच्या आणि दार लोटून बसायच्या. एका वर्षी मात्र त्या आपणहून म्हणाल्या, "यंदा बासुंदी मी करते." सगळ्यांना बरं वाटलं, पण धाकट्या मामांचा आनंद काही औरच होता. दूधसुद्धा ते स्वतः घेऊन आले.

पूजेच्या दिवशी सकाळी पातेलं खाली न्यायला मामा आणि मी मामींकडे गेलो. फ्रीजमध्ये न मावणारं ते पातेलं मुंग्या लागू नयेत म्हणून परातीत पाणी घालून त्यात ठेवलं होतं. मामी उत्साहानं सांगायला लागल्या. "काल संध्याकाळीच आटवली. निवल्यावर कडेची साय बोटांनी खरवडून आत सोडली, तशीच छान लागते. रात्रभर बाहेर होती, पण काळजी नको भाऊजी, सकाळी पुन्हा खळखळून उकळलीय." मामा त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तर्जनी पिकली होती आणि तिच्यावर हळद लावून चिंधी बांधलेली होती.

मामांनी मला गॅलरीत नेलं आणि मी ओळखायला लागल्यापासून प्रथमच हळू आवाजात बोलले. "पिकलेल्या बोटातले जंतू बासुंदीत गेले. रात्रभर त्यांनी विष तयार केलं. उकळल्यावर जंतू मेले, पण हे विष उकळून जात नाही. ही खाल्ली तर दुपारी अख्खी वाडी ओकत बसेल."

"मग मामींना सांगू या."

"काय सांगू? तुमच्या हातामुळे वाडी आजारी पडणार होती म्हणून? पुन्हा शेगडीजवळ जायच्या नाहीत वहिनी."

आम्ही पातेलं खाली मांडवात नेलं. बायका जमल्या, वेलचीच्या वासाचं कौतुक सुरू झालं, आणि मामांनी एकदम पातेल्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. "ही मी कुणाला देणार नाही! दादा गेल्यापासून वाट बघतोय. वाडीला जिलेबी मागवतो, ही सगळी माझी."

"काय सर, शुगर वाढेल ना!" मंडळाचा सेक्रेटरी ओरडला. "एवढी घेऊन करणार काय?"

"अंघोळ करीन!"

मांडव हसला. मामीही हसल्या, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांचा पूजेचा उपास होता, म्हणून त्यांनी अजून चव घेतली नव्हती. त्यांनी वाटी भरली आणि मामांपुढे धरली. "मग माझ्यासमोर खा." मी मामांकडे बघून जोरजोरात मान हलवत होतो. त्यांनी माझ्याकडे साफ दुर्लक्ष केलं आणि वाटी संपवली.

उरलेलं पातेलं आम्ही त्यांच्या मोरीत ओतलं. दुपारी ते बादलीवर वाकले होते आणि मी पाठ धरून बसलो होतो. उलट्यांच्या मधल्या वेळात तास चालूच. "बघा, ताप नाही. जंतू नाहीतच, नुसतं विष. म्हणून इतक्या लवकर. उद्या ठीक." मला संताप आला होता. मी म्हणालो, "चमचाभर खाऊन ठेवली असतीत तर?" ते तोंड पुसत म्हणाले, "वाटी भरताना वहिनींचा चेहरा बघितलात?" इतक्यात मामीच मीठ-साखरेचं पाणी घेऊन आल्या. "लहान मुलासारखा हावरटपणा करायचा म्हणजे काय भाऊजी!" मामांनी खाली मान घालून ते ऐकून घेतलं. मामी अशा हक्कानं कुणावर रागावल्याला फार दिवस झाले होते. त्याच संध्याकाळी मामांनी औषध आणायच्या निमित्तानं त्यांना माझ्याबरोबर डॉक्टरकडे धाडलं आणि बोटही दाखवायला लावलं.

त्यानंतर वाडीत काहीही असलं की मामी पदर खोचून पुढे असतात. बासुंदी आता त्याच दिवशी सकाळी आटवतात, कारण "भाऊजींना ताजी आवडते" असा समज मामांनीच पसरवला आहे. पातेलं खाली जायच्या आधी त्यांच्या नावची वाटी झाकून बाजूला निघते. मामा ती चेहरा हसरा ठेवून खातात.

यंदा मला राहवलं नाही. मामी खाली गेल्यावर मी म्हणालो, "मामा, एकदा खरं काय ते सांगून टाका. न आवडणारी गोष्ट किती वर्षं खाणार?"

त्यांनी वाटीवरचं झाकण काढलं. "आई गेल्यावर माझ्यासाठी वेगळं काढून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं हो," ते म्हणाले. "आता आवडते मला."