रुचिताचं ऑपरेशन, लग्नाआधी

माझी पुतणी रुचिता नववी-दहावीला गणित शिकवते, आणि फळ्याकडे तोंड असतं तेवढाच वेळ तिला बरं वाटतं. हे तिनेच मला सांडोरच्या आमच्या वाडीत, केळीची वाळकी पानं काढताना सांगितलं. "वर्गाकडे वळले की पुस्तक छातीशी धरते, काकी. सवयच झालीय."

ही सवय बारा-तेराव्या वर्षापासूनची. खांदे पुढे, ओढणी दोन्हीकडे पिनांनी टाचलेली, ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यांवर खोल वळ. घरात सगळ्या म्हणायच्या, वाकून चालू नकोस गं.

डिसेंबरमधलं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, "छाती लहान करायचं ऑपरेशन करून घ्यायचंय. डॉक्टरांकडे येशील?" मला वाटलं, फोटोंसाठी असेल. नाहीतर विपुल, तिचा होणारा नवरा, काहीतरी बोलला असेल.

विरारच्या डॉक्टरीणबाईंनी स्केचपेनने चित्र काढून दाखवलं. कुठे कापतात, टाके कुठे येतात. मी विचारत सुटले. काढलेलं जातं कुठे? झोपायचं कुठल्या कुशीवर? बाळाला दूध येतं का?

"पेशंट नक्की कोण?" बाई हसल्या. मग शेवटच्या प्रश्नावर सावकाश म्हणाल्या, "बऱ्याच जणींना येतं. पण पुरेसं येईलच, असं मी सांगणार नाही. व्रणही राहतील." आणि रुचिताला विचारलं, "लग्न ठरलं नसतं, तरी केलं असतंस?"

"मे महिन्याच्या सुट्टीतच केलं असतं. लग्न ठरलं म्हणून तर अडलंय."

माझा अंदाज साफ चुकला होता.

अडवत होती तिची आई, माझी मोठी जाऊ चंद्रकांता. आमच्या पाड्यात हळदीनंतर नवरीला घरच्या-शेजारच्या सवाष्णी अंगणात आडोसा करून न्हाऊ घालतात. ताजे व्रण सगळ्यांच्या नजरेखालून जाणार. "काय सांगू बायकांना? देवानं दिलेलं पोरीला आवडलं नाही?"

शेवटी लेकीच्या हट्टापुढे तिने आपल्या परीने वाट काढली. सोनचाफा तोडता तोडता कुंपणापलीकडच्या लुसीला सांगून टाकलं, "रुचिताच्या छातीत बारीकशी गाठ आहे, काढून टाकतोय." आजार चारचौघांत सांगता येतो, हौस कशी सांगणार, असा तिचा हिशेब.

लुसी भाजी घेऊन बसते नालासोपाऱ्याच्या बाजारात, आणि विपुलची आई तिचंच गिऱ्हाईक. संध्याकाळी विपुल आणि त्याची आई आमच्या दारात.

"माझी सख्खी बहीण अशा गाठीनंच गेली," विपुलची आई उंबऱ्यातूनच म्हणाली. "एवढी गोष्ट लपवलीत? मग लग्नाचं आता काय समजायचं?"

रुचिता चहाचा ट्रे खाली ठेवून समोर बसली.

"गाठ नाही. आजारही नाही, सोनोग्राफी झालीय. छाती जड आहे, मान-पाठ दुखते, लोक बघतात. मला ती लहान करून हवीय. विपुलला माहितीय."

विपुलची आई त्याच्याकडे वळली. "आणि तू मला बोलला नाहीस?"

"हे मी तुला कसं सांगणार, आई?" तो पंख्याकडे बघत म्हणाला.

"मग लग्नानंतर कर ना, बाळा. आम्ही काय नको म्हणणार आहोत?" ती रुचिताला म्हणाली.

"नंतर तुम्हाला विचारावं लागेल. हो म्हणालात तर तुम्ही करून दिलंत, नको म्हणालात तर तुमच्यामुळे राहिलं. आत्ता जे होईल ते माझं असेल."

"आणि दूध?"

"कमी पडेल कदाचित. पडलं तर वरचं देईन. त्यावरही बोललोय आम्ही."

मग विपुलच्या आईने स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला. "हे पट्ट्यांचे वळ... ते जातात का गं नंतर?"

"हळूहळू फिके होतील म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"हळदीच्या आंघोळीचं काय पण?" चंद्रकांताने मध्येच विचारलं.

"हळद तोंडाला, हातापायांना लावा. न्हाईन मी एकटी, आत."

"एकटी? असं कुठे असतं!"

"आमच्याकडे असतं की," विहीणबाई म्हणाल्या. "फ्लॅटमध्ये अंगण कुठून आणणार? विपुलच्या बहिणीला बाथरूममध्येच न्हायला पाठवली, वर लवकर आटप म्हणून दार वाजवत होतो."

विपुलला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. चंद्रकांता मात्र हसली नाही. गार झालेला चहा उचलून आत गेली, परत गरम करून घेऊन आली.

"गणपती होऊ दे, मग घे तारीख," ती रुचिताकडे न बघता म्हणाली. "पण लुसीला मी नाही सांगणार. काय सांगायचं ते तूच जाऊन सांग."

"सांगते की," म्हणत रुचिता उठली आणि दारातल्या चपला पायात सरकवू लागली. हे ती कुठल्या शब्दांत सांगते ते मला ऐकायचंच होतं. मी चहा तसाच टाकून तिच्यामागे निघाले.