टायपिंगच्या बाईंची इच्छा

टायपिंगच्या बाईंना विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर देता येत नसे. एखादी आई काळजीने विचारायची, "बाई, पास होईल ना ही?" बाई शांतपणे म्हणायच्या, "या वेळी नाही. पुढच्या वेळी होईल." आईचा चेहरा उतरायचा, पण बहुतेक वेळा तसंच व्हायचं. एकदा मी नवा ड्रेस घालून गेले आणि कसा दिसतोय म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "रंग छान आहे. शिवलाय मात्र दुसऱ्या कुणासाठी तरी." न विचारता मात्र त्या कुणाला काही सांगायच्या नाहीत. ही दुसरी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली.

बाई नगरकडच्या मराठी ख्रिस्ती. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला, मूलबाळ नव्हतं. ठाण्याच्या नौपाड्यात तळमजल्याच्या एका खोलीत आठ मशीन मांडून त्यांनी क्लास काढलेला. आम्ही टाइप करत असताना त्या डोळे मिटून बसायच्या आणि आवाजावरून चूक पकडायच्या. "शुभांगी, करंगळी कुठे गेली तुझी?" करंगळी खरोखरच जागेवर नसायची.

मी खोपटहून चालत जायचे. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. बारावी झाली होती, आणि सरकारी परीक्षेचं सर्टिफिकेट मिळालं तर नोकरी लागेल असं घरात ठरलेलं होतं.

क्लास उघडण्याआधी पाच मिनिटं बाई काळ्या कव्हरचं एक जाड पुस्तक वाचायच्या. तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत दिसायचा की एक दिवस मी विचारलंच, "मला वाचायला द्याल?" त्यांनी शेल्फवरून नवा करार काढला, बायबलचा येशूवरचा भाग. छोटंसं पुस्तक. पण देण्याआधी हात थांबवला. "घरी विचारलंस का?"

मी हो म्हटलं. मी विचारलं नव्हतं.

आठवड्याभरात ते पुस्तक बाबांना माझ्या पिशवीत सापडलं. शेजारच्या काकांनी त्यांना बाईंबद्दल आधीच काहीबाही सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याबरोबर क्लासमध्ये आले, डेपोच्या कपड्यांतच. आठही मशीन एकेक करून थांबली.

"हे तुम्ही दिलंत हिला?"

"हो, मी दिलं."

"हिला ख्रिश्चन करायचं आहे का तुमच्या मनात?"

दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, छे हो, मुलीने मागितलं म्हणून दिलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "करायचं नाही, भाऊ. ते माणसाच्या हातात नसतं. पण तिने व्हावं असं मला वाटतं. नवरा गेल्यावर मी ज्याच्या आधाराने जगले, तो आधार तिलाही मिळावा असं वाटतं. वाटत नाही म्हटलं तर ते खोटं होईल."

"म्हणजे आमच्याकडे तिला आधार नाही?"

"आहे ना. तुम्ही चांगली वाढवलीत, म्हणून तर माझा जीव जडला तिच्यावर. तुम्ही विचारलंत म्हणून माझ्या मनातलं सांगितलं. तिला आजवर सांगितलेलं नाही. तिने विचारलंच नव्हतं."

एवढं बोलून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. घरी विचारलंय असं मीच सांगितलं होतं, हे त्या बाबांना सांगू शकल्या असत्या. मीही सांगू शकले असते. मी समोरच्या मशीनच्या रिबनकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "चल. उद्यापासून इथे यायचं नाही."

परीक्षेला नऊ दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली. बाई उतरल्या. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेलं मशीन होतं. त्या उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. बाबांना म्हणाल्या, "मुलगी माझ्याकडे नको म्हणालात, तुम्ही वडील आहात, तुमचा तो हक्क आहे. पण परीक्षा बुडायला नको. मशीन ठेवून घ्या. पेपर झाले की कळवा, घेऊन जाईन." बाबांनी पुढे होऊन मशीन स्वतः उचलून आत आणलं.

मी घरी सराव करू लागले. मशीनची एक की अडकत होती. बाबा तेलाची कुपी घेऊन त्यावर वाकले होते, तेव्हा मला राहवलं नाही. "बाबा, घरी विचारलंय असं मीच बाईंना खोटं सांगितलेलं."

त्यांचा हात थांबला नाही. तेल घालून झाल्यावर म्हणाले, "मग त्या बोलल्या का नाहीत?"

"तुम्ही त्यांना ते विचारलं नाहीत."

परीक्षा झाली त्या संध्याकाळी बाबा मशीन घेऊन नौपाड्याला गेले. माफी मागणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी बाईंची उरलेली सात मशीन उघडली, साफ केली, आणि पुढे सुटीच्या दिवशी ते तिकडे जाऊ लागले. मी पास झाले, ठाण्यातच एका ऑफिसात लागले, तरी बाबांचं जाणं सुरूच राहिलं. मधूनच ते विचारायचे, "काय बाई, आहे का अजून मनात?" बाई म्हणायच्या, "आहे. आता तुमचंही नाव घातलंय प्रार्थनेत." बाबा म्हणायचे, "घाला. पण मशीनमध्ये तेलही घाला, मागच्या वेळी सांगितलेलं घातलं नाहीत."

काही वर्षांनी बाबा अचानक गेले, ड्युटीवर असतानाच. पंधरा दिवस मला धड झोप नव्हती की जेवण. सोळाव्या दिवशी मी बाईंकडे गेले आणि म्हणाले, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय. मला तुमच्यासारखं शांत व्हायचंय."

ज्या गोष्टीसाठी त्यांनी इतकी वर्षं प्रार्थना केली, ती मी आपण होऊन समोर ठेवली होती. बाईंचे डोळे भरून आले. माझे दोन्ही हात धरून त्या म्हणाल्या, "आत्ता नाही. आत्ता तू बाबांना शोधते आहेस. एक वर्ष थांब. तोवर रोज ये, रड, जेव. वर्षाने तुझ्या मनात असलं, तर मी स्वतः तुला चर्चच्या पाळकांकडे घेऊन जाईन."

वर्षभर मी ऑफिस सुटल्यावर त्यांच्याकडे जात होते. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. वर्ष भरल्यावर मीच काढला. "बाई, तुमचं पुस्तक मला आवडतं. येशूही आवडतो. पण घरी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले की बाबा शेजारी आहेत असं वाटतं. मी नाही येणार."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"वाईट वाटलं का तुम्हाला?"

"हो, खूप वाटलं," बाई म्हणाल्या. मग उठल्या. "बस, चहा टाकते." त्या दिवशी चहात साखर घालायची राहून गेली. मी तसाच प्यायले. पुढच्या आठवड्यात माझं लग्न ठरायची बोलणी होती, तर मुलाकडच्यांना दाखवायला त्यांनी आपली मोरपंखी साडी मला नेसवून पाठवलं.

ऑफिसात कधीकधी धर्मांतराच्या विषयावर जोरात वाद होतात. ख्रिस्ती लोकांनी दुसऱ्याच्या धर्माबद्दल काही इच्छाच ठेवू नये, असं कुणी म्हणतं. मी गप्प बसते. मला वाटतं, बाईंनी ती इच्छा ठेवली नसती तर त्यांचा माझ्यावरचा जीव थोडा कमीच असता. आणि त्या इच्छेसाठी त्यांनी माझं दुःख वापरलं असतं, तर मी त्यांना कायमचं गमावलं असतं. हे दोन्ही मला एकाच वेळी खरं वाटतं. वादात तेवढं सांगता येत नाही.

क्लास बंद झाल्यावर बाई डोंबिवलीला मानपाड्यात भाचीकडे राहायला गेल्या. मी महिन्यातून एकदा जायचे. शेवटी शेवटी त्यांना नावं आठवायची नाहीत, पण माझी करंगळी हातात घेऊन बसायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

दफनाला चर्चमधली पन्नासेक माणसं होती. सगळ्यांनी मिळून भजन म्हटलं, मला त्यातलं एकही येत नव्हतं. माती घालायची माझी पाळी आली. मूठ उघडली आणि बाजूला उभी राहून, मला लहानपणापासून येत होती तीच रामरक्षा मी मनातल्या मनात म्हटली. बाईंना वाईट वाटलं असतं. तरीही त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली असती.